आधी वारा, मग सूर

दशावतारी नाटकाच्या रंगमंचाच्या कडेला असते ती पायपेटी, म्हणजे पायाने चालणारी हार्मोनियम. खाली दोन पायडल, वर साडेतीन सप्तकं, आणि भाता पायाने चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे. सिंधुदुर्गात आणि राजापूर-लांज्याकडे अजून कितीतरी जुन्या पायपेट्या आहेत, काहींत पॅरिसचे, काहींत जर्मन सूर, म्हणजे वाऱ्याने बोलणाऱ्या पितळेच्या जिभा. त्या दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार ठरलेली: "सूर गेले." सूर बहुतेक वेळा जागेवर असतात. गेलेला असतो तो वारा.

भाता गळका असला की दाब पुरत नाही. खर्जाचे सूर उशिरा बोलतात, लांब धरलेला सूर पायाच्या हालचालीबरोबर हेलकावतो, दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या की आवाज बसतो. वाजवणारा मग जोरात पाय मारतो आणि जुनं चामडं आणखी फाटतं. अशा पेटीचे सूर खरवडून लावायला घेतले तर चुकीच्या दाबावर लागलेली पेटी हातात येते, आणि भाता दुरुस्त झाल्यावर ती पुन्हा बेसूर. खरवडलेलं पितळ तर परत येत नाही.

म्हणून पहिली तपासणी भात्याची. एकही पट्टी न दाबता मोठा भाता पूर्ण भरा आणि पाय उचला. अर्धा मिनिट तो उभा राहायला हवा. दहा-बारा सेकंदांत बसला तर गळती शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. गळती भात्यात आहे की वर, हे ठरवायला सूरफळी (सूर बसवलेली फळी) उतरवा, भात्याच्या उघड्या तोंडावर रबराचं अस्तर लावलेलं प्लायवूड क्लॅम्पने घट्ट बसवा आणि परत भरून बघा. आता भाता टिकला तर दोष वर आहे: सूरफळीखालच्या चामड्याच्या पट्टीत, नाहीतर पट्ट्यांखाली सुरांची भोकं झाकणाऱ्या झाकणांत. तरीही बसला तर भाताच दोषी. उदबत्तीचा धूर घड्यांजवळून फिरवला की हवा कुठे फुटते ते दिसतं, फक्त ठिणगी सांभाळा. बारीक भोकांसाठी रात्री खोलीत अंधार करून भात्यात छोटा एलईडी दिवा सोडावा. फाटक्या कोपऱ्यातून आभाळातल्या चांदण्यांसारखे ठिपके चमकतात. प्रत्येकाभोवती खडूने गोल काढून ठेवा, कारण दिवे लावल्यावर त्यातला एकही सापडत नाही.

चामडं ठेवायचं की काढायचं, हे चिमटीत ठरतं. घडीवरचं चामडं दोन बोटांत धरून दुमडा. बोटाला तांबूस भुकटी लागली तर ते मेलं, त्यावर ठिगळ टिकणार नाही. मऊ असेल आणि फक्त भोक पडलं असेल तर ठिगळ चालतं. चामडं मऊ ठेवायला त्याला खोबरेल चोळायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडायला हवी. तेल खवट होतं, झुरळं येतात, आणि तेलकट जागेवर पुढे कुठलाच सरस धरत नाही.

कोपऱ्यांना अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीचं मेंढीचं किंवा बकऱ्याचं मऊ कातडं घ्या. तुकडा गरजेपेक्षा चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोठा कापा आणि कडा धारदार सुरीने कागदाइतक्या पातळ तासा, नाहीतर घडी मिटताना कड उचलते. रेक्झीन लावू नका. नवं असताना छान दिसतं, दोन उन्हाळ्यांत घडीवर तडकतं.

चिकटवायला सरसच हवा. 100 ग्रॅम सरसाचे दाणे 200 मिली पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी भांड्यात भांडं ठेवून 60 ते 65 अंशांवर पातळ करा. उकळला तर त्याची ताकद जाते. सुतारकामाचा पांढरा गोंद जास्त घट्ट धरतो हे खरं, आणि नेमकी तीच अडचण आहे: वीस वर्षांनी पुन्हा चामडं बदलायचं झालं तर लाकडाचे टवके निघतात. सरस गरम ओल्या फडक्याने सुटतो. भाता पूर्ण उघडा ठेवून चिकटवा आणि सरस अर्धवट ओला असताना एकदा हलक्या हाताने मिटून उघडा, म्हणजे घडी आपली जागा धरते.

पायडलचे पट्टे नवारीचे असतात. नवार आधी धुऊन वाळवा, मगच कापा. कोरी नवार पहिल्या पावसाळ्यात आखडते, आणि दोन्ही पट्टे सारखे आखडत नाहीत. मग एक पायडल वर राहतं आणि त्या बाजूचा भाता अर्धाच भरतो. प्रत्येक पायडलच्या छोट्या भात्यात चामड्याचे पडदे असतात, हवा आत घेणारे आणि मोठ्या भात्यात सोडणारे. पडदा वाकला असेल तर पाय मारताना फसफस आवाज येतो आणि वारा आला तसा परत जातो. पडदा बदलताना चामड्याची गुळगुळीत नव्हे, लवदार बाजू भोकावर यावी.

वारा धरला की पट्ट्या. पट्टी न दाबता सूर वाजत असेल तर पट्टीच्या मागच्या टोकावर बोटाने दाबा. आवाज थांबला तर स्प्रिंग मेली आहे किंवा झाकणाखाली कचरा आहे. तरी थांबला नाही तर झाकण वाकडं झालंय, नाहीतर सूरफळीला चीर गेली आहे. पोलादी स्प्रिंगा खाऱ्या वाऱ्यात गंजतात, त्याऐवजी फॉस्फर ब्राँझची तार जुन्या तारेच्याच जाडीची घ्या. जाड तार घातली की प्रत्येक पट्टी जड होते, आणि रात्रभर नाटक वाजवणाऱ्याची बोटं पहाटे त्याचा हिशेब मागतात. पावसात फुगून अडकलेल्या पट्टीची बाजू लगेच घासायला घेऊ नका. दिवाळीपर्यंत ती आपोआप मोकळी होते, आणि घासलेली असेल तर उन्हाळ्यात खडखडते. आणखी एक: जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवरचा पत्रा बऱ्याचदा सेल्युलॉइडचा असतो. थिनर, ॲसिटोन लावलं तर तो विरघळतो, आणि विस्तवाजवळ नेला तर भडकतो.

आता सूर. पितळेची चौकट, तिला एका टोकाला रिवेटने धरलेली पितळेची जीभ, आणि दोहोंमध्ये केसाहून बारीक फट. या फटीत चिलटाचा पंख अडकला तरी सूर मुका होतो, आणि जत्रेतल्या झगझगीत दिव्यांखाली उघड्या पेटीत किडे पडतातच. मुका सूर आधी पातळ कागदाच्या पट्टीने मोकळा करून बघा. निम्मे "गेलेले" सूर इथेच परत येतात. सूर खर्र करत असेल तर जीभ चौकटीला घासते आहे किंवा चौकटीचा स्क्रू सैल आहे. उशिरा बोलत असेल तर जिभेचं टोक चौकटीपासून फार उचललंय. अगदी खाली बसलं असेल तर जोराचा वारा दिला की सूर अडतो.

स्क्रू गंजून रुतला असेल तर हिसका देऊ नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर अर्धा मिनिट धरा, थंड होऊ द्या, मग फिरवा. नवे स्क्रू पितळेचे, त्याच मापाचे. मात्र आधी तसाच लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर फिरवून वाट करा आणि पितळी स्क्रूला मेण लावा, नाहीतर त्याचं डोकं तुटून लाकडात राहतं.

पितळेवर हिरवट थर दिसला की हात चिंचेकडे जातो. समई चिंचेने घासा, पेटीचे सूर नाही. आंबटामुळे जिभेच्या मुळाशी पितळ पोखरतं, आणि जीभ नेमकी तिथेच वाकत असल्यामुळे पुढे तिथेच तडा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरे. ब्रश रिवेटकडून टोकाकडे न्या, उलटा किंवा आडवा कधीच नाही. टोकावरचा थर निघाला की सूर किंचित चढतो, म्हणून सगळी सफाई झाल्यावरच ट्यूनिंगला बसा.

नियम सोपा आहे, हात सोपा नाही. टोकाजवळ खरवडलं की जीभ हलकी होऊन सूर चढतो, रिवेटजवळ खरवडलं की लवचिक होऊन उतरतो. जिभेखाली 0.1 मिलिमीटरची पोलादी पट्टी सरकवा, दोन-तीन हलके ओरखडे द्या, परत बसवून वाजवा. बोटांच्या उबेनेही सूर उतरतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून मोजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

पॅरिसचे सूर ट्यूनरला लावले की आणखी एक गोष्ट कळते. फ्रान्सने 1859 मध्ये पांढरी सहाचं (पाश्चात्त्य A सुराचं) माप 435 हर्ट्झ ठरवलं. आजचं माप 440. फरक साधारण 20 सेंटचा (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). सगळे सूर मुळापासून एकसारखे उतरलेले असतील तर पेटी बिघडलेली नाही, ती आपल्या काळात आहे. दुहेरी सुरांच्या 42 पट्ट्यांच्या पेटीत 84 जिभा असतात, आणि त्या साऱ्यांचं पितळ 20 सेंटसाठी उतरवणं म्हणजे शुद्ध नासधूस. दशावतारात पखवाज आणि तबला पेटीवर लावतात, झांजेला सुराची पर्वा नाही. पेटी आपापसात सुरेल असली की झालं. कीबोर्डबरोबर वाजवायचीच असेल तर वेगळी पेटी घ्या. गंधार ट्यूनिंगचा, म्हणजे एकच षड्ज धरून पेटी शुद्ध सुरांत लावण्याचा, आग्रहही इथे धरू नये. समान अंतराचा गंधार शुद्धाहून 14 सेंट चढा असतो हे खरं, पण नाटकात दर गाणाऱ्याची पट्टी वेगळी. असल्याच आक्षेपांवरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 मध्ये सैल झाली. जत्रांतली पेटी मधल्या काळात वाजतच होती.

उरला पावसाळा. पेटीवर बसलेली खारट धूळ 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून ओली होते, आणि किनाऱ्यावर पावसात त्याखाली आर्द्रता क्वचितच येते. म्हणून मिरगाआधी पेटीचं बाहेरचं लाकूड आणि बिजागऱ्या डिस्टिल्ड पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने मीठ फक्त पसरतं. पेटी दोन दिवस पंख्याखाली ठेवा, मगच पेटाऱ्यात. सोबत 250 ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घाला, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. कडुलिंबाचा ओला पाला घालू नका, कीड जायच्या आधी बुरशी येते. पेटारा जमिनीवर नको, विटांवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे वाळवीची माती चढली तर वेळीच दिसेल. महिन्यातून एकदा पेटी बाहेर काढून प्रत्येक पट्टी खालपासून वरपर्यंत वाजवा. दसऱ्याला पेटारा उघडल्यावर पेटी उन्हात नेऊ नका, ऑक्टोबरचं ऊन सूरफळी वाकवतं. चार-पाच दिवस सावलीत वारा लागू द्या, मग सूरफळीचे स्क्रू मधून कडेकडे, प्रत्येकी पाव वळण घट्ट करा आणि पुन्हा तीच अर्ध्या मिनिटाची परीक्षा घ्या.