स्टिकर बघून कॅसेट घेऊ नये

दुपारी तीनच्या उन्हात जळगावच्या बाजारात कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या काचेत पडून राहिलेल्या टीव्ही गेमच्या जुन्या पिवळ्या कॅसेट्स निवांत बघाव्यात. स्टिकरवरचे सगळे मारिओ निळे झालेले असतात. टोपी निळी, तोंड निळं, मिशी तर गर्द निळी. छपाईतला गुलाबी आणि पिवळा उन्हात आधी उडतो, निळा आणि काळा चिवट. आमच्याकडचं ४५ अंशांचं ऊन म्हटल्यावर गुलाबीचं काही खरं नाही.

अर्थात रंग शाबूत असतानाही ते स्टिकर कुठं खरं बोलत होतं? मारिओच्या खांद्याला खांदा लावून सॉनिक! एक निन्टेन्डोचा, दुसरा सेगाचा. बाहेर तेव्हा दोन्ही कंपन्यांचं हाडवैर, इथं सख्खे साडू. वर ठळक '९९९९९९९ इन १'. आत बोटांवर मोजण्याइतके गेम. बाकी तोच कॉन्ट्रा, कधी तिसऱ्या लेव्हलपासून, कधी तीस जीव घेऊन. लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून साठ नावं आणि पंगतीत वाढायला चौघं, तसं.

आपल्याकडे गेमचं मूळ छापील खोकं आलंच नाही, म्हणून विलायती खोकी फार देखणी असतील असा एक समज आहे. तो 'मेगा मॅन'चं १९८७ सालचं अमेरिकी खोकं बघेपर्यंतच टिकतो. गेममध्ये हाताचीच तोफ झालेला निळा पोरगा. खोक्यावर पिवळ्या-निळ्या कपड्यातला थोराड गडी, हातात पिस्तूल, आणि उभा असा की कंबरेत उसण भरलीय. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनं पुढे २०१२ साली याच ध्यानाला 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'मध्ये खेळाडू म्हणून उतरवलं. 'फॅलँक्स' तर अंतराळातल्या लढाईचा गेम. खोक्यावर दाढीवाले आजोबा बँजो वाजवत बसलेत. माझं पहिलं बक्षीस आजोबांना. निदान थाप तरी नवी आहे.

चित्रकाराचीही अडचण होतीच म्हणा. धाकटा मारिओ म्हणजे १६ बाय १६ ठिपके, अंगावर रंग तीन. केस उडताना दाखवायची सोय नाही म्हणून टोपी, तोंड काढायला जागा नाही म्हणून मिशी. अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० केबीत बसतो. एवढ्याशा ठिपक्यांवर गिऱ्हाईक कसं भुलणार? मग रंगवा राजवाडे.

तर, जुनी कॅसेट घ्यायचीच असेल तर मागचा स्क्रू काढा. काहींना स्क्रू नसतो, नुसते खटके असतात. आतल्या सर्किटच्या पाटीवर चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा थेंब दिसला की बहुतेक नक्कल. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या डब्यांना ६० पिनांचीच कॅसेट लागते. अमेरिकी ७२ पिनांची, ती बसणार नाही, ठोकू नका. टीव्हीवर चित्र फाटलं, पट्टे आले तर फुंकर मारायची नाही. थुंकीच्या ओलीनं पिना काळ्या पडतात. फुंकरीनं चालू व्हायची ती खरं तर काढून परत बसवल्यामुळं, पण हे कुणाला पटवत बसा! पिनांवर खोडरबर हलकेच फिरवायचं, भुगा झटकायचा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि पाच मिनिटं वाळू द्यायचं.

स्टिकर मात्र नवीन छापून चिकटवू नका. निळा मारिओ काही वाईट दिसत नाही.