लिव्हर ‘पी’वर होता : आमच्या गॅरेजची वाटचाल

वणी-वरोरा रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला. पत्र्याच्या एका शेडपासून गाड्या उचलायच्या दोन खांबांच्या लिफ्टपर्यंतची वाटचाल लिहून काढावी, असा आग्रह मुलांनी धरला, म्हणून हे लिहीत आहे. लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात आले की मला मनापासून सांगायचे आहे ते एकाच गाडीविषयी, तिच्या गियर लिव्हरविषयी आणि तीन वेढे दिलेल्या एका तारेविषयी.

१९९७ साली मी आणि चाचांनी मिळून हे काम सुरू केले. चाचा नागपूरचे होते आणि गियरबॉक्सच्या कामात त्यांचा हात धरणारा या पट्ट्यात कोणी नव्हता. भांडवल माझे आणि हत्यारे त्यांची, अशी आमची भागीदारी होती. त्यांच्या लोखंडी पेटीत रिंग पान्यांचे दोन संच, पितळी हातोडी, सर्क्लिप काढायच्या तीन पकडी आणि टोकाला घासून गुळगुळीत झालेला फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर असे. त्या स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू गियरबॉक्सच्या अंगाला टेकवून आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकत आणि नेमके कोणते बेअरिंग गेले ते सांगत. त्या काळात आमच्याकडे टाटा २०७ आणि पुढे बोलेरो पिकअप अधिक येत, आणि गियर पडत नाही किंवा उडतो ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी असे. चाचांचा नियम एकच होता : “पहले बाहर का देख, फिर बॉक्स खोल.” लिव्हरचा बुश (सांध्यात बसणारी बांगडीसारखी कडी), क्लचची उचल आणि जोडदांडी तपासल्याशिवाय त्यांनी कधी गियरबॉक्स खाली उतरवला नाही. पुढे त्यांचे वय झाले, ते नागपूरला परतले आणि तिथेच गेले. त्यांची पेटी अजून माझ्या टेबलाखाली आहे.

मधली वर्षे बरी गेली, त्यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही.

काकाजी हे आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. मारेगावच्या बाजूला त्यांची कापूस-सोयाबीनची शेती आहे आणि जोडीला कोळसा खाणींवर माणसे व सामान पोहोचवण्याचे छोटे कंत्राट आहे. त्यांच्या जुन्या २०७ चा क्लच मी किती वेळा केला असेल याची गणती नाही. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणे त्यांना जमेना, तेव्हा २०२१ साली त्यांनी नागपूरहून ऑटोमॅटिक गियरची डबल-कॅब पिकअप जुन्या बाजारातून घेतली. आमच्या भागात अशी गाडी तेव्हा नवलाची होती. गाडी घेऊन ते सरळ माझ्याकडे आले आणि म्हणाले, “आता हिचंबी तुलाच पाहा लागन.” मी नागपूरला एका जाणकाराकडे पंधरा दिवस राहून शिकून आलो, गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर घेतला आणि २०२२ मध्ये बँकेचे कर्ज काढून लिफ्ट बसवली.

ज्यांनी ऑटोमॅटिकवर काम केलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. या गाडीतला लिव्हर थेट गियर बदलत नाही. तो एक केबल ओढतो, ती केबल गियरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला असलेला छोटा आखूड हात फिरवते, आणि त्या हाताच्या स्थितीवरून पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) ठरते. केबलच्या टोकाला जे डोळे (भोक असलेली कडी) असते, त्यात नायलॉनचा बुश असतो. हा बुश झिजला की वरचा लिव्हर एक सांगतो आणि खालचा हात दुसरेच करतो. गाडी ‘पी’मध्ये सुरू होत नाही पण ‘एन’मध्ये होते, रिव्हर्सचा दिवा लागत नाही, पट्टीवरची खूण दोन अक्षरांच्या मध्ये थांबते, ही सारी त्याची लक्षणे आहेत. ‘पी’मध्ये गियरबॉक्सच्या आत एक खिटी दातेरी चाकात जाऊन बसते आणि चाके अडवते. ती खिटी पूर्ण बसली नाही तर गाडी मोकळीच असते. साध्या गाडीत इंजिन बंद करून पहिला गियर टाकला की गाडी अडते. ऑटोमॅटिकमध्ये तसे होत नाही, कारण इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचाच दुवा असतो. इंजिन बंद असताना ‘आर’ किंवा ‘डी’ लावून उभी केलेली गाडी उतारावर थांबत नाही.

आमच्या भागात हा आजार लवकर होतो. कोळशाची बारीक पूड केबलच्या तोंडाशी असलेल्या रबरी टोपीतून आत शिरते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि केबल जड होते. केबल जड झाली की चालवणारा लिव्हरला जोर लावतो आणि तो सगळा जोर बुशवर येतो. वरच्या बाजूलाही दुखणी असतातच. एकदा एका गाडीचा लिव्हर ‘पी’मधून निघत नव्हता म्हणून कन्सोल उघडला, तर लिव्हरच्या खाचेत खर्र्याची सुपारी आणि चुना घट्ट बसला होता आणि सोलेनॉइडवर (ब्रेक दाबला की लिव्हरचे कुलूप सोडणाऱ्या विजेच्या खटक्यावर) गोड चहा वाळला होता. लिव्हर ‘पी’मध्ये अडकला तर आधी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबावा. ब्रेकचे दिवे लागले नाहीत तर फ्यूज किंवा पेडलचा स्विच गेला असे समजावे. दिवे लागतात पण लिव्हरपाशी ‘टक’ असा आवाज येत नसेल, तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर पाहावी. गियरबॉक्सला हात लावायची वेळ त्यानंतर येते. पुष्कळ गाड्यांत लिव्हरशेजारच्या छोट्या झाकणाखाली कुलूप सोडवायची खाच असते, पण ती अडचणीच्या प्रसंगासाठी आहे आणि हँडब्रेक ओढल्याशिवाय ती दाबू नये.

२०२२ च्या जुलैत आमच्या भागात जो महापूर आला, त्यात काकाजींची पिकअप पायदानापर्यंत पाण्यात उभी होती. त्यांनी गाडी सुरू न करताच माझ्याकडे आणवली हे फार चांगले केले. गियरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत गेले होते आणि लाल तेल दुधाळ गुलाबी झाले होते. आम्ही तेल तीनदा बदलले, फिल्टर बदलला आणि बॉक्स वाचवला. नोव्हेंबरमध्ये लिव्हर जड लागतो म्हणून गाडी पुन्हा आली. सुटा बुश मिळत नव्हता आणि पूर्ण केबल यायला वेळ होता, म्हणून वणीच्या लेथवर नायलॉनच्या गजातून बुश कातून घेतला. चाके ठोकळ्यांनी अडवली, लिव्हर ‘एन’वर ठेवला, खालचा हात ‘पी’च्या टोकापर्यंत नेऊन दोन खटके मागे आणला आणि केबलवर ताण नाही याची खात्री करूनच नट आवळला. गाडी फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच सुरू होते हे तपासले, शेडबाहेरच्या उतारावर ती ‘पी’वर धरून राहते हे पाहिले आणि बिलावर तसे लिहिले.

जानेवारी २०२३ मध्ये काकाजींच्या मुलाने कापूस घेऊन ती पिकअप एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) उतारावर उभी केली. लिव्हर ‘पी’वर होता, हँडब्रेक ओढलेला नव्हता. तो वजनकाट्यावर पावती घ्यायला गेला आणि गाडी मागे सुटली. काट्याच्या खोलीची भिंत पडली. आत बसलेला माणूस क्षणभर आधी पाणी प्यायला उठला होता, म्हणून जीव वाचला. ती पडकी भिंत मी नंतर डोळ्यांनी पाहिली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

भिंत पडल्यावर जमलेल्या गर्दीत आमच्या रस्त्यावरचे दुसरे गॅरेजवाले गृहस्थ क्रेन घेऊन हजर होते. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. सात वर्षे ते आमच्याच शेडमध्ये शिकले, चाचांनी त्यांना मुलासारखे पाना धरायला शिकवले. त्यांनी गाडीच्या कप्प्यातले आमचे नोव्हेंबरचे बिल चार लोकांसमोर वर धरले आणि म्हणाले, “केबल यांनीच सेट केली होती.” संध्याकाळपर्यंत त्या बिलाचा फोटो वणी ते वरोरा प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याच्या मोबाइलवर होता. पंधरा दिवसांत चार कंत्राटदारांनी आपल्या गाड्या हलवल्या. लिफ्टचा हप्ता थकला, दोन मुलांना मी कामावरून थांबायला सांगितले आणि बायकोची पाटली गहाण गेली. जिनिंगवाल्यांनी भिंतीचा खर्च मागितला तो वेगळाच.

गाडी आपल्याकडे उघडून पाहू द्या, असे ते गृहस्थ काकाजींना सांगत होते. काकाजी काठी टेकत क्रेनपाशी गेले आणि एवढेच म्हणाले, “गाडी त्याच्याच लिफ्टवर चढन, दुसऱ्याच्या नाही.” आजही हे लिहिताना माझा गळा दाटून येतो, कारण त्या दिवशी माझ्या बाजूने बोलणारे ते एकटेच होते.

गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च धरला आणि पहिल्या नजरेतच दिसले. आमचा कातलेला बुश जागेवर नव्हता. केबलचे डोळे आणि गियरबॉक्सचा हात सेंट्रिंगवाले वापरतात तसल्या तारेने बांधले होते. तीन वेढे आणि पकडीने दिलेला एक पीळ. गाडीच्या पोटाला बोटभर काळी धूळ होती, हातावर, नटावर, पाइपवर, सगळीकडे होती, आणि तार मात्र स्वच्छ होती. तिच्यावर धुळीचा थर नव्हता. लिव्हर ‘पी’वर नेला की तारेचा ढिलेपणा तेवढी ओढ गिळून टाकत होता आणि खालचा हात ‘आर’च्या पलीकडे जाऊन मध्येच थांबत होता. खिटी दातात बसतच नव्हती. मी कशालाही हात न लावता काकाजींना, जिनिंगच्या माणसाला आणि दोन कंत्राटदारांना बोलावून ते जसेच्या तसे दाखवले.

काकाजींच्या ड्रायव्हरने दोन दिवसांनी खरे सांगितले. डिसेंबरमध्ये लिव्हर पुन्हा जड लागला, तेव्हा लांब नको म्हणून तो त्या दुसऱ्या गॅरेजात गेला होता. “दादा, तार म्या नाही बांधली, पन बांधली तवा म्या तिथंच होतो,” असे तो मान खाली घालून म्हणाला. पन्नास रुपयांत काम झाले म्हणून त्याने मालकाला कळवले नव्हते. केबल दीड महिन्यात पुन्हा जड का झाली, याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो. रबरी टोपी चिरलेली होती आणि ती मी नोव्हेंबरमध्ये बदलायला हवी होती. पण तार माझी नव्हती.

भिंतीचा खर्च जिनिंगवाले आणि काकाजी यांनी आपसांत मिटवला. चारपैकी तीन कंत्राटदार वर्षभरात परत आले, मुले कामावर आली, पाटली सुटली. चौथे अजून त्या दुसऱ्या गॅरेजात जातात. त्या गृहस्थांनी आजवर एका शब्दानेही चूक कबूल केलेली नाही, आणि बिलाचा तो फोटो ज्यांनी पुढे पाठवला, त्यांपैकी कोणीही तारेचा फोटो पुढे पाठवला नाही.

ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्या सर्वांना मी आता बिल देताना उभे करून सांगतो की उतारावर थांबताना पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर ‘एन’वर घ्यावा, हँडब्रेक ओढावा, ब्रेकवरचा पाय सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि मगच ‘पी’ लावावा. असे केले की खिटीवर ओझे राहत नाही आणि सकाळी लिव्हर काढताना हिसका बसत नाही. काही लोक घाईत असतात, तरी मी सांगतो.

ती तार मी कापली तेव्हा पीळ तसाच ठेवला होता. तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह ती काउंटरमागच्या खिळ्याला, चाचांच्या फोटोखाली टांगलेली आहे. काकाजींच्या पिकअपमध्ये त्यानंतर पूर्ण नवी केबल टाकली आणि गेल्या दिवाळीला तिची टोपी उघडून पाहिली तेव्हा आत ग्रीस कोरे होते.