आमची वाटचाल : भुंगा, बाई आणि घायपात

घायपातीची रोपवाटिका काढली तेव्हा "काटेरी झाड दारात कोण लावणार?" असं विचारणारेच जास्त होते. पहिली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते भुंग्याचं.

एका मोठ्या पुरवठादाराकडून अमेरिकाना जातीची तयार झाडं उचलली. काही दिवसांत खालची पानं माना टाकू लागली. मधला न उलगडलेल्या पानांचा सुळका मात्र ताठ. आम्ही जाणते, तरी फसलो, पाणी वाढवलं! शेवटी पहार लावली, तर झाड बुंध्यातून अलगद सुटून आलं. आत कुजका लगदा आणि बिनपायांच्या पांढऱ्या अळ्या. हा सोंडेवाला काळा भुंगा बुंध्याला भोक पाडून अंडी घालतो आणि त्याच जखमेतून सड आत शिरते. पानं पडलेली दिसतात तोवर गाभा संपलेला असतो.

पुरवठादार फोनवर म्हणाला, "तुमची माती वाईट." माती! मुरूम आणि जाड वाळूचे उंचवटे आम्ही स्वतः घातले होते, पाणी क्षणभर ठरत नव्हतं.

वाफेच्या वाफे उपटले. कुलूप घालायचंच बाकी होतं, तेव्हा बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. हिरवळ काढून त्यांनी अंगणभर आमची घायपात लावली होती आणि तिला भुंगा शिवला नव्हता. "तुझीच पिल्लं आहेत, घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. दोन दिवस आम्ही पिल्लं, म्हणजे आईझाडाच्या बुडाशी फुटलेली रोपं, सोडवत होतो. अरुंद पात्याची ती खुरपी अजून माझ्याकडे आहे. फावड्याने आईची मुळं तुटतात.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. पिल्लाचा काप सावलीत चांगला सुकू द्या, मगच लावा. गाभा मातीच्या वर ठेवा. हातमोजे घाला, चीक लागला की कातडीची आग होते. आणि पायवाटेला खेटून अमेरिकाना लावू नका. आज वीतभर दिसते, पुढे तीन मीटर पसरते. जागाच नसेल तर बिनकाट्यांची अटेन्युआटा घ्या, फक्त ती कडाक्याची थंडी सोसत नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या सर्वांत जुन्या झाडाला फुलाचा दांडा आला. एकदा फुललं की ते झाड जातं. "कापू का?" विचारलं, तर हसल्या. "कापून वाचणार आहे का? वाढू दे."

त्याच आठवड्यात तो पुरवठादार पिल्लं मागायला आला. म्हटलं, आधी तुमची माती दाखवा.