सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग बघायला जाणार असाल तर

"पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरा, मागाचा खडखडाट ऐकू येणारच," असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थाने सोलापूर केव्हाच सोडलं असणार. साखर पेठ, भवानी पेठ, दत्त नगर हा सगळा पट्टा पायाखाली घातला. खडखडाट आहे, पण मधूनच कुठेतरी. बाकी ठिकाणी एकतर कुलूप, नाहीतर उंबऱ्यावर बसलेली साठीपुढची माणसं.

आधी लुटालुटीचं सांगतो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने अशोक चौकाचे अडीचशे मागितले. मान हलवून पुढे चालायला लागा, मुख्य रस्त्यावर शेअर रिक्षा मिळते.

आता तो रस्ता. अशोक चौकातून अक्कलकोट रोडने, कारखाने आहेत ती एमआयडीसी "इथं जवळच, चालत जावा" असं मला सांगण्यात आलं. अजिबात चालत जाऊ नका. एप्रिलची दुपार, सावलीला एक झाड नाही, फूटपाथ नावाला, आणि अंगावरून जाणारे ट्रक तोंडात धूळ भरून जातात. मला चालायची सवय आहे, तरी डोकं भणभणलं. वर पहिल्या दोन कारखान्यांच्या गेटवरूनच हाकललं. ओळख काढल्याशिवाय आत घेत नाहीत, हे कोणी सांगितलं नव्हतं. जायचंच तर सकाळी नऊच्या आत, रिक्षाने, आणि आधी फोन करून.

तिसऱ्या ठिकाणी आत घेतलं. चार मागांवर एक माणूस, केसांत रुई, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची. गाठ डोळ्यांनी नाही, बोटांनीच मारत होते. "अण्णा, मुलं काय करतात?" विचारलं. "एक हिंजवडीत, एक हैदराबादला. हितं मागावर कोण येतंय आता?" मालकाचीही तक्रार तीच: ऑर्डर आहे, कारागीर नाही. त्यावर माझं स्पष्ट मत: आठवड्याच्या पगारात घर भागत नसेल तर पोरगं पुण्यालाच जाणार, त्यात नवल काय?

"सोलापूर रिकामं होतंय" ही मात्र थाप आहे. 2001 च्या जनगणनेत शहर 8.72 लाख होतं, 2011 मध्ये 9.51 लाख. म्हणजे वाढलंच, पण दहा वर्षांत जेमतेम 9 टक्के; राज्य तेवढ्याच काळात 16 टक्क्यांनी वाढलं. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचे आकडे कोणी ठोकून सांगितले तर हसून सोडून द्या. 1877 ला सुरू झालेली जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू गिरणी नव्वदच्या दशकात. गिरणी गेली तेव्हा माणूस यंत्रमागाकडे वळला. यंत्रमाग परवडेना तेव्हा पुढची पिढी गावच सोडून गेली. घरात मुलंही कमीच: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा प्रजनन दर 1.7, म्हणजे बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत. त्यातलं एक पुण्याला गेलं की उरतं कोण? शिवाय कुंभारीजवळ रे नगर या कामगारांच्या वसाहतीत घरं मिळाली, जानेवारी 2024 मध्ये पहिली 15,000 दिली गेली. त्यामुळे बरीच कामगार कुटुंबं शहराच्या हद्दीबाहेर गेली. नुसते पेठांतले बोळ बघून शहराचा निकाल लावू नका.

बिड्या वळणाऱ्या बायका मात्र अजून दिसतात. एका आक्कांच्या मांडीवर सूप, पानं कापायचा पत्रा बाजूला, हात थांबत नव्हता. त्यांचं दुखणं वेगळंच: पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा उठत नाही. आयुष्यभर पानं-तंबाखू हाताळून बोटं गुळगुळीत झालेली. ईपीएफची (भविष्य निर्वाह निधीची) किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपये, आणि तेवढ्यासाठी हेलपाटे. तुमच्या घरात असं कोणी असेल तर मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, तेवढं करून द्या.

सिद्धेश्वर तलाव, भुईकोट, शेंगा चटणी: छान आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

मुक्कामाला लॉज बघताना पाण्याची टाकी विचारा. नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या घरात दोन म्हातारे आहेत तिथं पाणी आलं की रात्री-बेरात्री पाइप ओढायला तेच उठतात.

चादर घेताना: स्टेशनजवळच्या एका दुकानात पानिपतचा माल सोलापुरी म्हणून गळ्यात मारत होते, तोही चढ्या भावाने. चादर उलटून बघा. खऱ्या जकार्ड चादरीत, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीत, नक्षी दोन्ही बाजूंना असते, रंग उलटसुलट. छापील नक्षी दिसली की ठेवून द्या. शक्यतो कारखान्यावरच घ्या.

परतीला रविवार रात्र टाळा. सिद्धेश्वर एक्सप्रेस पुण्याला निघालेल्या पोरांनी भरलेली असते, कडक भाकरीची पुडकी सगळीकडे. तिकीट आधी काढलं नसेल तर ट्रॅव्हल्सवाले रविवारी मागतील तो भाव द्यावा लागतो. मी दिला.