स्त्रांदिरचा किनारा: आइसलँडमधील जादूटोण्याच्या मुलखात

आइसलँडच्या वायव्य टोकाला पश्चिम फ्योर्डांचा (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) जो मोठा भूभाग समुद्रात शिरलेला आहे, त्याच्या पूर्व किनाऱ्याला स्त्रांदिर म्हणतात. रेक्याविकहून मोटारीने निघाल्यास साधारण तीन तासांत होल्माविक हे इथले मुख्य गाव लागते. गावाची वस्ती चारशेच्या आतबाहेर, बंदरात मासेमारीच्या बोटी, आणि पुढे उत्तरेकडे जावे तसे किनाऱ्यावर जागोजागी पडलेले राखाडी ओंडके. हे ओंडके सायबेरियातील नद्यांतून समुद्रात येतात आणि प्रवाहांबरोबर इथवर पोहोचतात. ज्या देशात घर बांधण्याजोगे झाड क्वचितच वाढते, तिथे हे वाहून आलेले लाकूड म्हणजे मोठेच धन होते. पण सतराव्या शतकात याच मुलखात जादूटोण्याच्या आरोपावरून माणसे जाळली गेली, आणि मी आलो होतो ते त्या इतिहासाच्या ओढीने.

होल्माविकच्या बंदरालगत इ.स. २००० मध्ये सुरू झालेले जादूटोण्याचे संग्रहालय आहे. तिथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे ‘नाउब्रोक’, अर्थात मृताच्या कातडीची विजार. ही अर्थातच प्रतिकृती आहे, तरीही काचेपलीकडे उभा असलेला तो कमरेखालचा मानवी आकार पाहून पाय थबकतात. विधी असा सांगितला जातो: एखाद्या माणसाशी तो जिवंत असतानाच करार करायचा, तो नैसर्गिक मृत्यूने गेल्यावर प्रेत उकरून कमरेपासून खालची कातडी अखंड सोलून काढायची आणि ती अंगावर चढवायची. मग एखाद्या गरीब विधवेचे नाणे सणाच्या दिवशी, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना चोरून, एका जादूच्या चिन्हासह त्या विजारीच्या अंडकोषात ठेवायचे. त्यानंतर तिथला पैसा कधी संपत नाही. मात्र मरण्यापूर्वी ती विजार दुसऱ्याच्या गळ्यात घालावीच लागते. नव्या धन्याने उजवा पाय आत घातल्याशिवाय जुन्याने डावा पाय बाहेर काढायचा नाही.

शेजारी ‘तिलबेरी’ आहे, आणि मला तो अधिक अस्वस्थ करून गेला. नुकत्याच पुरलेल्या प्रेताची बरगडी बाईने चोरायची, करड्या लोकरीत गुंडाळून छातीशी बाळगायची आणि पुढच्या तीन रविवारी चर्चमध्ये मिळालेला पवित्र वाइनचा घोट न गिळता तिच्यावर थुंकायचा. मग त्या बरगडीत जीव येतो, बाई त्याला आपल्या मांडीवर पाजते, आणि तो शेजाऱ्यांच्या गायी-मेंढ्यांचे दूध पिऊन येऊन तिच्या लोणी घुसळण्याच्या भांड्यात ओकतो. या सगळ्या अघोरी तपशिलांच्या मुळाशी काय आहे, तर थोडे लोणी आणि खिशात न संपणारा पैसा. तिथल्या इतर चिन्हांचे हेतूही असेच आहेत: चोर ओळखणे, मासे मिळवणे, शत्रूला भिववणे. ही करणी सत्तेच्या हव्यासापोटी नव्हे, उपासमारीच्या काठावर जगणाऱ्यांच्या गरजेतून जन्मली, असे मला ठामपणे वाटते.

आज ही चिन्हे ‘व्हायकिंग’ म्हणून गोंदवून घेतली जातात, आणि ते मला खटकते. दिशा दाखवणारे म्हणून मिरवले जाणारे ‘वेग्वीसिर’ हे चिन्ह १८६० मधील एका हस्तलिखितात सापडते, म्हणजे व्हायकिंग काळ संपून आठशे वर्षे लोटल्यानंतर. सुमारे सन १६०० पासून लिहिल्या गेलेल्या ‘गाल्द्राबोक’ या मंत्रग्रंथात ओदिन आणि थोर या ख्रिस्तपूर्व नॉर्स देवांबरोबरच ख्रिस्ताचेही नाव येते. जुने देव इथे पुरते गेले नव्हते, पण ते चर्चला जाणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांच्या कागदांत शिल्लक होते.

खटल्यांचे वेगळेपणही कदाचित इथेच आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी चेटकीण म्हणून मुख्यतः बायका जाळल्या गेल्या. आइसलँडमध्ये १६२५ ते १६८३ या काळात जाळल्या गेलेल्या एकवीस जणांपैकी वीस पुरुष होते. कोणाकडे रुन या जुन्या उत्तर युरोपीय लिपीतील खुणा सापडणे हा अनेकदा पुरावा ठरे.

होल्माविकहून उत्तरेला त्रेक्यित्लिस्विक या उपसागरापर्यंत खडीचा रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून वळणे घेत जातो. १९३५ मध्ये उभारलेल्या हेरिंग माशांच्या कारखान्याचे अवशेष असलेले द्युपाविक वाटेत लागते. त्रेक्यित्लिस्विकमधील आर्नेस येथील चर्चमध्ये, १६५० च्या सुमारास, बायकांना प्रार्थनेच्या वेळी झटके येऊ लागले. संशय थोर्दुर ग्वुद्ब्रांदसोन नावाच्या माणसावर गेला, आणि १६५४ च्या सप्टेंबरात त्याला, एगिल ब्यार्नासोन आणि ग्रिमुर योन्सोन यांच्यासह, समुद्राकडे उघडणाऱ्या ‘किस्ता’ नावाच्या अरुंद घळीत जाळण्यात आले. घळीच्या कड्यांवर उभे राहिल्यावर कळते की ही जागा सहज निवडलेली नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या खडकांमुळे आत गेलेल्या माणसाला सुटायला वाटच नाही.

इथे यायचे तर होल्माविकचे संग्रहालय आधी पाहावे आणि मग उन्हाळ्यात, दिवस लांब असताना, त्रेक्यित्लिस्विकला जावे. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता अनेकदा बंद असतो, आणि गाडीत पुरेसे इंधन घेऊनच उत्तरेला निघालेले बरे.