आयसीयूबाहेरच्या बाकावरचा मोबाइल

आज आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना मोबाइलवरचे श्वासाचे व्यायाम दाखवताना पुन्हा तेच दिसलं: अडचण ॲपपेक्षा सेटिंगची. ध्यानाचं ॲप सुरू करताना बरेचदा फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' (कॉलचा आवाज बंद करणारं सेटिंग) चालू केलं जातं आणि आतून सिस्टरने केलेला कॉल वाजतच नाही. म्हणून आधी आयसीयूचा नंबर फेव्हरिटमध्ये टाका, 'डू नॉट डिस्टर्ब' असतानाही वाजायची त्याला परवानगी द्या आणि आतून एकदा रिंग द्यायला सांगून खात्री करा. इअरफोन एकाच कानात.

श्वास ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, ५ मिनिटं. डोळे उघडेच ठेवा, नजर समोरच्या फरशीच्या एका कोपऱ्यावर. डोळे मिटले की अनेकांना व्हेंटिलेटरची नळीच दिसते आणि धडधड वाढते. बोटांना मुंग्या आल्या तर श्वास जास्त खोल घेतला जातोय, थांबा.

गोंदिया-गडचिरोलीहून नागपुरात आलेल्यांचा डेटा दुपारपर्यंतच संपतो, चार्जिंगच्या एका पॉइंटवर पाच पिना असतात. ऑडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा.

रात्री दोन वाजता मॉनिटरचे आकडे गुगलवर शोधू नका, कृपा करून. प्रश्न व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेवा, सकाळच्या राउंडला त्यातले तीन विचारा.

पेशंट घरी आल्यावरही घरच्यांची झोप महिनोन्‌महिने उडालेली असू शकते. आयसीयूनंतर घरच्यांना होणाऱ्या अशा मानसिक त्रासाला 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम-फॅमिली' असं नाव आहे, हा मनाचा कमकुवतपणा नाही. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६: चोवीस तास, मोफत, मराठीतही. नंबर आत्ताच सेव्ह करा.