हनुवटीखालची वायर

गेल्या चवथीच्या आसपास ह्यांनी झोपेत भिंतीला अशी लाथ मारली की अंगठ्याचं नख उखडलं. पहाटेचं ओरडणं, हात उगारणं तर आधीपासूनच होतं. उठवलं की कुणीतरी अंगावर धावून आल्याचं स्वप्न जसंच्या तसं सांगायचे. सासूबाईंनी देवाला कौल लावला. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवला. त्यांनी रात्रभराची झोपेची तपासणी, पॉलिसोम्नोग्राफी, करायला सांगितली.

व्हिडिओ पुरेसा का नाही, असं मी विचारलं. घोरणाऱ्याचा श्वास अडकला की तोही दचकून असेच हातपाय झाडतो, झोपेतली फिटही कधी अशीच दिसते, म्हणाले.

डिचोलीहून संध्याकाळीच पणजीला पोचलो. टेक्निशियनने टेपने डोकं मोजून खुणा केल्या आणि पेस्टने वायरी चिकटवल्या. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली, हातांवर, नडगीवरही. छातीपोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. मग डोळे फिरवा, दात आवळा, पाय हलवा, असं करून प्रत्येक रेष नीट उमटते ना, ते पाहिलं. एवढ्या जंजाळातही ह्यांना झोप लागली.

रिपोर्ट डॉक्टरांनी स्क्रीनवर समजावला. अख्खी रात्र ३० सेकंदांच्या तुकड्यांत. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, मेंदूच्या रेषा जवळपास जागेपणासारख्या असतात, डोळ्यांच्या रेषा झपझप हलतात, हनुवटीची मात्र सपाट हवी, कारण त्या वेळी मेंदू स्नायूंना कुलूप घालतो. ह्यांची ती रेष जाड, खरखरीत, मधेच उसळणारी. आणि नेमक्या त्याच क्षणी व्हिडिओत ह्यांची मूठ वर! श्वास ठीक होता, फिटची खूण नव्हती. निदान झालं: रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर, म्हणजे ते कुलूप नीट न लागल्याने स्वप्नातलं झोपेतच हातापायांनी करणं. १९८६ साली अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी हा आजार पहिल्यांदा नीट मांडला.

पुढचं ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. यातल्या बऱ्याच जणांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. वास येतो का, बद्धकोष्ठता आहे का, हे डॉक्टरांनी म्हणूनच विचारलं होतं. तरी मला वाटतं, कळलं ते बरंच झालं. आता नियमित तपासणी तरी होते.

सध्या रात्री मेलाटोनिन हे औषध चालू आहे, खाटेजवळची काचेची टीपॉय हलवली आहे. तुमच्या घरी कुणाची ही तपासणी व्हायची असेल, तर चालू गोळ्यांची यादी न्या, कारण नैराश्यावरच्या काही औषधांनीही असं होतं. आणि हातांवर वायरी लावणार ना, ते आधी विचारा. ठोसे मारणाऱ्याचं सगळं पायांवरून कळत नाही.